आबा मोहित्यांनी न लिहिलेली तक्रार

आबा मोहिते आज सकाळी गेले आणि मला रडू येत नाहीये.

इतकी वर्षं ज्या माणसावर मनातून चिडून होते, त्याच्याबद्दल आज दुपारी भलतंच काहीतरी कळलं. डोकं चालेनासं झालंय. म्हणून इथे लिहितेय.

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत पोलीस कॉन्स्टेबल म्हणून लागले. आमच्या स्टेशनात बाई मी एकटीच.

आबा रायटर हवालदार. म्हणजे सगळी लिखापढी त्यांच्याकडे. मूळचे साताऱ्याकडचे. मला काम शिकवलं ते त्यांनीच.

त्या वर्षी स्टेशनात एकच विषय. घरफोडी.

सानपाड्यात नवीन सोसायट्या उठत होत्या. नवराबायको दोघंही कामाला, दिवसाढवळ्या कुलपं तुटायची. महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये साहेब तक्ता पुढ्यात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारायचे. मग चेन खेचणारे. मग मार्केटमधली दादागिरी.

हरवलेल्या माणसांची ओळ तक्त्यात सगळ्यात खाली. मीटिंग तिथवर पोचायचीच नाही.

अशात एक दिवस जवळच्याच करावे गावच्या हिराबाई आल्या. एकोणीस वर्षांची मुलगी सुगंधा कंपनीत कामाला गेली होती, ती परत आलीच नव्हती.

"माजी पोर तीन दिस झालं घरा नाय," त्या म्हणाल्या.

आबांनी रजिस्टरमधून मानसुद्धा वर केली नाही.

"पोरगी सज्ञान हाय न्हवं? आसंल कुठंतरी. घरी जावा, बाई. हितं घरफोड्यांचं टेन्शन चाललंय."

"आनी माज्या पोरीचं टेन्शन कोन घेल?"

आबांनी रजिस्टरचं पान उलटलं.

हिराबाई दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. दारातल्या बाकावर बसून नुसत्या रडत राहायच्या. आबांचं उत्तर तेच.

चौथ्या दिवशी आबा कोर्टात गेले होते. मी हिराबाईंना आत बोलावलं आणि तक्रार लिहून घेतली. माझ्या हातानं.

मग शोध घ्यावाच लागला. घरफोडीवरचे दोन जण काढून त्यावर लावले. चार दिवसांत सुगंधा सापडली, तिकडे ठाण्याच्या बाजूला, दिघ्यात. कंपनीतल्या एका मुलाशी लग्न करून राहत होती.

"माज्या मर्जीनं आलेय," असा तिनं जबाब दिला. सोबत आलेल्या हिराबाईंनी तिला तिथेच पोटाशी धरलं. मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

पुढच्या मीटिंगमध्ये साहेब भडकले.

"पळून गेलेल्या पोरीसाठी माझी दोन माणसं? कुणी लिहिलं हे?"

मी तक्ता हातात घेऊन उभी होते. तोंड उघडलं नाही.

"मी, साहेब," आबा म्हणाले.

अक्षर माझं होतं. साहेबांनी बघितलंही नाही. महिन्याभरात आबांची मुख्यालयातल्या स्टोअरमध्ये बदली झाली.

मी मनाची समजूत घातली. तक्ता चांगला दिसावा म्हणून हा माणूस त्या आईला हाकलत होता, मग लाज वाटली, म्हणून अंगावर घेतलं. बस. त्यानंतर मी त्यांना कधी भेटायलाही गेले नाही.

आज गेले. सानपाड्याला, त्यांच्या घरी.

तिथे एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली.

"मॅडम, मी सुगंधा. कराव्याची."

आणि तिनं सांगितलं.

लग्न झालं त्याच दिवशी ते दोघं पोलीस संरक्षण मागायला आमच्या स्टेशनात आले होते. टेबलावर आबा एकटेच. सुगंधाचा काका गावातला मोठा जमीनवाला, जिवंत सोडणार नाही म्हणत होता. आणि त्याच वेळी तो काका आत साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत बसला होता.

आबांनी दोघांना मागच्या दारानं बाहेर काढलं. दिघ्यात ओळखीच्याकडे खोली दिली. "कागदावर काय बी येऊ देत न्हाई," म्हणाले.

मी ते कागदावर आणलं.

जबाबावरचा पत्ता काकाला कळला. सुगंधाच्या नवऱ्याला त्यानं हात मोडेपर्यंत मारलं. मग आबांनी त्या दोघांना साताऱ्याला, आपल्या भावाकडे नेऊन ठेवलं.

"म्हणजे माझ्यामुळे..." मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. लगेच माझा हात धरला. "पन तुमी लिवलं म्हनून आय भेटली मना. दोन वर्सांनी गेली ती. नाय तर तोंड बी दिसलं नसतं."

आता सांगा, मी काय करू?

मी बरोबर होते की चूक? आबा बरोबर होते? मुलगी सुखरूप आहे हे माहीत असून तीन दिवस एका आईला समोर रडू देणं, हे कसं जमलं त्यांना? कानात एक शब्द टाकता आला नसता? की हिराबाई दिराला सांगतील अशी भीती होती?

आणि मला का नाही सांगितलं? मी एका टेबलापलीकडे बसत होते.

अजून एक गोष्ट आहे. ती मी सुगंधाला बोलले नाही.

"घरी जावा, बाई," हे आबांनी फक्त हिराबाईंना सांगितलेलं नाही. मी बऱ्याच जणींना ते ऐकताना पाहिलंय. त्या प्रत्येकीमागे दिघ्याची खोली होती का?

मला नाही वाटत.

पण आज सकाळपर्यंत माझ्या लेखी एकीमागेसुद्धा नव्हती.

आबा, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात आणि मी गप्प राहिले. त्याची माफी तुमच्या हयातीत मागायला हवी होती.

राग अजून पुरता गेलेला नाही. नमस्कार मात्र मनापासून करते.

शांतपणे जा, आबा.