पडदेवाल्या वहिनींचा काजळ्या

ती घरी पडदे शिवायची, म्हणून गल्लीत सगळे तिला पडदेवाली वहिनी म्हणत. नवरा बसड्रायव्हर, भारी गप्पिष्ट. काळात मागेपुढे फिरणाऱ्या एका नायकाची मालिका दोघं चवीनं बघत. हुबेहूब त्या नायकासारखा दिसणारा एक क्रूर माणूस मधूनच उगवायचा. चाहत्यांनी त्याला काजळ्या नाव ठेवलं होतं. हा नेमका कोण, यावर फोनवरच्या ग्रुपात रोज हमरीतुमरी चालायची.

मग नवरा डेपोच्या जिन्यावरून डोक्यावर पडला. जीव वाचला, पण घरी आला तो भलताच माणूस. जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावायचा. एकदा तर त्यानं तापलेली इस्त्री तिच्या हातावर टेकवली.

वहिनी ग्रुपात लिहायची, "काजळ्या म्हणजे नायक नव्हेच! त्याचा चेहरा घेऊन दुसराच कुणी आलाय. खरा कुठल्यातरी काळात अडकून पडलाय." कुणी म्हणालं, "ताई, तो तोच आहे, फक्त पुढच्या काळातला," की ती त्याच्यावर तुटून पडायची. पडद्यांना चुण्या घालता घालता जुने भाग लावून पुरावे शोधायची. काजळ्या डावखुरा, नायक उजव्या हाताचा. हा हसताना मान कलती करतो, तो नाही.

धाकट्या बहिणीनं हातावरचा डाग पाहिला आणि तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"डॉक्टर, पहिलेवाले हे आत कुठेतरी असतील ना?"

"बाई, आत वेगळं कुणी नसतं. मेंदूला मार बसलाय. आता हेच ते."

मालिकेचा शेवटचा भाग दुपारी लागला. नवरा शहाण्यासारखा शेजारी येऊन बसला. तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात काजळ्या नायकाला म्हणाला, "मी तूच आहे. म्हातारा झालेला."

वहिनीला हुंदका आवरेना.

"रडतेस कशाला गं?" नवरा ओरडला आणि त्यानं शिवणाची कात्री उचलली. ती अनवाणी पळाली ती थेट बहिणीच्या घरी.

आता तो रुग्णांच्या आश्रमात आहे. ती आणि तिचं शिवणाचं मशीन बहिणीकडे. दर रविवारी ती भेटायला जाते. कधी तो मुकाट्यानं केस विंचरून घेतो, कधी तोंडावर थुंकतो.

परवा बहिणीनं हळूच विचारलं, "ताई, आज कोण भेटला? आधीचा की हा?"

"नवरा," ती म्हणाली, आणि चपला काढून मशीनवर जाऊन बसली.