ताईच्या गाडीतला समुद्र

वरून भाऊजींनी हाक मारली तेव्हा मी खाली ताईच्या गाडीत बसलो होतो. एक पाय आत, एक बाहेर, आणि हात रेडिओच्या गोल बटणावर. "सिधू…" एवढंच म्हणाले. रोज त्या वेळी चहासाठी हाक यायची, म्हणून मी "आलो, आलो" म्हणत बटण आणखी एकदा फिरवून बघितलं. खडखड. मागच्या कापड कारखान्यातले लूम चालू असताना त्या रेडिओवर दुसरं काही येतच नाही. वैतागून मान वर केली, तर भाऊजी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. चहासाठी कोणी असं उभं राहत नाही…

सुलभाताई, माझी थोरली बहीण, गेली होती. भिवंडीत तिला 'सुलभा टीचर' म्हणूनच लोक ओळखायचे. भूगोल शिकवता शिकवता तिनं आख्खी नोकरी काढली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रस्त्यात भेटणारे तिच्या शिस्तीबद्दल बोलतात, तिच्या मोठ्या आवाजाबद्दल बोलतात, आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र लिहायला बसलं की आधी दुःख येत नाही, राग येतो. माणसांचा नाही. त्या खडखडीचा, त्या रंगीत पडद्याच्या नव्या सेटचा, बुजवलेल्या भोकाचा, आणि आयुष्यभर न सांगता जाणाऱ्या पण त्या आठवड्यात एकदाही न गेलेल्या लाइटचा.

आमच्या घरात गाडी चालवणारी ती एकटीच. भाऊजींना चक्कर येते, आणि मी शिकायला गेलो तेव्हा शिकवणाऱ्यानंच मला पुस्तकात लक्ष घालायला सांगितलं. ताईची शाळा कल्याणला आणि मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होतो तेही तिथलंच, त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही दोघं कोनच्या रस्त्यानं एकत्र गेलो-आलो. गाडीचा नियम एकच होता. चालवणाऱ्यानं रेडिओला हात लावायचा नाही, तो शेजारच्याचा. "मी रस्ता बघते, तू केंद्र बघ," ती म्हणायची. केंद्र बघणं हे काम होतं. संध्याकाळी परतताना बातम्यांनंतर मच्छीमारांसाठी समुद्राचा अंदाज सांगायचे, मध्यम लहरींवर, आणि तो तिला चुकवायचा नसे. कोनच्या अलीकडे मोठ्या विजेच्या तारांखाली आवाज फाटायचा, एखाद्या कंटेनरच्या शेजारी अडकलो की बुडायचा, आणि मी ते बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहायचो. चुकलं की उजवीकडून लगेच न बघता शेरा यायचा, "पुस्तकं बरी सापडतात रे तुला…"

तिला समुद्राशी काय करायचं होतं? आमच्या घरात कोणी होडीतही बसलेलं नाही. पण तिच्या वर्गात खाडीकाठच्या गावांतली मुलं असायची. नोकरीच्या सुरुवातीला त्यांतल्या एका मुलीनं म्हटलं होतं, "टीचर, पुस्तकात सगळे समुद्र हायेत, पण आज आपला कसा हाय ते कुठं न्हाय." तेव्हापासून ताई रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या संध्याकाळी ऐकलेला समुद्र लिहायची. 'शांत.' 'किंचित खवळलेला.' 'खवळलेला.' एकच शब्द. मुख्याध्यापक बदलले, फळा हिरव्याचा पांढरा झाला, तरी तो कोपरा राहिला. गाडीची पहिली अँटेना मोडली तेव्हा तीही तिनं टाकली नाही. शाळेत नेली आणि नकाशावर दाखवायला वापरली. कोकण किनारा दाखवताना पूर्ण लांब करायची आणि आपला ठाणे जिल्हा आला की आखूड.

दुसरी अँटेना शेवटपर्यंत टिकली, पण धड नाही. आमची गल्ली अरुंद, त्यात सुताच्या गोणींचे टेम्पो. एकदा एका टेम्पोच्या दोरखंडात अडकून ती ओढली गेली. ताईनं ती गुडघ्यावर धरून सरळ केली, पण तिसऱ्या कांडीला बाक राहिला तो राहिलाच. मग दुसरा नियम झाला. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबायची, मी उतरायचो आणि अँटेना आत ढकलायचो. पहिली कांडी सरळ जायची, दुसरी जायची, तिसरी अडायची. तिथे अंगठ्यानं बाकावर दाबून धरल्याशिवाय ती खाली जात नसे. मागून हॉर्न वाजत असायचे आणि ताई काच खाली करून सांगायची, "दाब! लाडीगोडी नको करू."

घरापाशी मात्र रेडिओचा उपयोग नव्हता, कारण मागेच मुनीरभाईंचा कारखाना. लूम चालू झाले की मध्यम लहरींवर फक्त खडखड. म्हणून आमच्याकडे उलटाच प्रकार होता. लाइट गेली की गल्लीत शिव्या सुरू व्हायच्या, लूम थांबायचे, आणि ताई किल्ली घेऊन खाली यायची. गाडीच्या बॅटरीवर रेडिओ आरशासारखा स्वच्छ लागायचा. शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, ती रिटायर झाल्यावरही संध्याकाळी गाडीत जाऊन बसायची आणि मला गॅलरीतून हाक मारायची. मी बटण फिरवायला.

मागच्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं ती पहिल्यांदा हॉस्पिटलात गेली. तिचा मुलगा निखिल हैदराबादहून आला. आई घरी येईल तेव्हा तिला आनंद व्हावा म्हणून त्यानं गाडीला रंग मारून घेतला, जुना सेट काढून मोठ्या रंगीत पडद्याचा नवा बसवला, आणि छतावर माशाच्या पंखासारखी छोटी काळी अँटेना लावली. जुन्या अँटेनाचं भोक बुजवून त्यावर रंग. फार मायेनं केलं त्यानं ते, आणि ताईही त्याच्यासमोर पडद्यावर बोट फिरवून "वा!" म्हणाली. तो परत गेला त्या संध्याकाळी आम्ही दोघं समुद्र शोधायला बसलो.

पडदा उजळला. कोणा बाईनं इंग्रजीत आमचं स्वागत केलं. नंतर गाण्यांचं एक केंद्र, फ्लॅटच्या जाहिरातींचं दुसरं, आणि पुन्हा गाण्यांचं. मी चष्मा लावून माहितीपुस्तिका उघडली. किती भाषांत होती देव जाणे, मराठी नव्हती. फोन जोडणं, पडद्याचा रंग बदलणं, मागचा कॅमेरा, आवाजातला घुमारा… सगळं होतं.

"ग्रंथपाल ना तू? शोध की."

"शोधतोय. मध्यम लहरी कुठेच नाहीत."

"सूचीत बघ."

"ताई, सूचीच बघतोय."

मग तिनं पडद्यावरची सगळी चित्रं एकेक करून दाबली, शेवटी आवाज बंद केला आणि म्हणाली, "यात सगळं आहे रे. फक्त आपलं नाही." खरोखरच त्या सेटमध्ये मध्यम लहरी नव्हत्या, नव्या सेटमध्ये बहुतेक नसतातच, हे मला नंतर कळलं. निखिलला फोनवर सांगितलं तर तो बिचारा खजील झाला. "मामा, ॲपवर येतं ना सगळं, मी टाकून देतो." त्यानं टाकून दिलंही. ताईनं एकदा ऐकलं, स्वच्छ होतं. पण दुसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवून म्हणाली, "हे हैदराबादलाही असंच लागतं, दुबईलाही लागेल. गाडीत लागतं तेव्हा कळतं, आपण त्याच्या टप्प्यात आहोत."

दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून आणलं तेव्हा डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. ताईला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. तिनं काही मागितलं नाही, एकदाच म्हणाली, "सिधू, गाडीत बसून एकदा समुद्र ऐकायचाय. बस." एवढं सोपं मागणं. तिला गाडीतून खाडीपर्यंत न्यावं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, भिवंडीच्या रस्त्यांवरून या अवस्थेत मुळीच नाही. म्हणजे गाडी जागेवरच, आणि जुना सेट परत बसवायचा.

सेट माळ्यावर खोक्यात होता, अँटेना डिकीत. कल्याण नाक्यावरच्या सेट बसवणाऱ्याला बोलावलं, तर तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, सगळी दुनिया जुना काढून स्क्रीन लावते. तुम्ही स्क्रीन काढून हा भंगार लावणार? तबियत ठीक है ना?" मी म्हटलं, ठीक आहे. पहिल्या दिवशी त्यानं स्क्रीन काढला आणि सेटची वायर आणायला गेला तो आलाच नाही. फोन केला की "निकलाच आहे सर." दुसऱ्या दिवशी वायर आली, तर बुजवलेलं भोक पाडायला ड्रिल नव्हतं. ड्रिल आलं तेव्हा अँटेनाची पिन बसेना. मी आयुष्यात कोणावर ओरडलेलो नाही. त्या दिवशी गल्लीत उभा राहून त्याच्यावर ओरडलो आणि वर गॅलरीत ताई शाल गुंडाळून हसत होती. "अरे, हा आवाज आधी कळला असता तर वर्गावर घेतला असता तुला!" शेवटी गुरुवारी सगळं बसलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, लूम बंद. मी आणि भाऊजींनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, चालकाच्या जागेवर नीट उशी ठेवली, अँटेना पूर्ण वर ओढली. मी बटण फिरवलं.

खडखड.

मुनीरभाईंनी सणाआधीची मोठी ऑर्डर घेतली होती. शुक्रवार असून शिफ्ट चालू होती. मी दार उघडून निघालोच. पंधरा मिनिटं थांबवा म्हणून सांगायला. मुनीरभाईंच्या दोन्ही मुली ताईच्या वर्गातल्या, ते नाही म्हणाले नसते. ताईनं माझी बाही धरली.

"कुठे चाललास?"

"थांबवायला सांगतो."

"कारागिरांना विणलेल्या मीटरवर पैसे मिळतात. माझ्या समुद्रासाठी त्यांचे मीटर नको कापू. बस."

बसलो. खडखडीतून एखादा शब्द वर यायचा आणि बुडायचा. '…किनारपट्टी…' '…ताशी…' ताई डोळे मिटून ऐकत होती आणि मधले शब्द स्वतःच भरत होती. इतकी वर्षं ऐकलेली वाक्यं, तिला पाठच होती. "उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर, वाऱ्याचा वेग ताशी… आणि समुद्र…" तिथे ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाकी सगळं येतं रे. तेवढा एक शब्दच रोज वेगळा असतो."

मग आम्ही लाइट जायची वाट बघितली. लाइट जावी म्हणून वाट बघणारे भिवंडीतले आम्हीच असू. भाऊजी रोज संध्याकाळी पंख्याकडे टक लावून बसायचे. पंखा फिरत राहिला. शनिवारी, रविवारी, सोमवारी. मंगळवारी मी खाली बसून बटण फिरवत होतो, कुठेतरी एखादी फट सापडेल म्हणून, आणि भाऊजींनी वरून हाक मारली.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घराखाली मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, तसबिरीसमोर मेणबत्त्या, बुद्धवंदना झाली. तिची एक विद्यार्थिनी माइकवर बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं झाली असतील, आणि माइक बंद पडला. पंखे थांबले. मागचे लूम एकेक करत गप्प झाले आणि सगळ्या गल्लीतून "गेली, गेली!" असा ओरडा उठला. मी भाऊजींकडे बघितलं. ते आधीच उठले होते. "लाइटवाल्यांना आज मुहूर्त सापडला," एवढं पुटपुटले आणि चपला न घालताच गाडीकडे चालू लागले. निखिल आमच्या मागे धावत आला, त्याच्याकडे किल्ली होती.

तो चालकाच्या जागेवर बसला, मी शेजारी, भाऊजी मागे. अँटेना वर केली. निखिलचा हात सवयीनं रेडिओकडे गेला तशी मागून भाऊजींनी त्याच्या खांद्यावर चापट मारली. "चालवणाऱ्यानं हात लावायचा नाही." निखिलनं हात मागे घेतला. मी बटण फिरवलं आणि आवाज लागला, लख्ख. आंब्याच्या मोहोरावरच्या रोगाबद्दल कोणीतरी सावकाश सांगत होतं. आम्ही तिघांनी मोहोराचा रोग मन लावून ऐकला. फवारणी कधी करावी तेही ऐकलं. मग बातम्या लागल्या.

"समुद्राचं?" भाऊजींनी विचारलं.

"यानंतर."

बातम्या संपत आल्या. निखिलनं काच वर घेतली. 'आता मच्छीमारांसाठी…' असं निवेदक म्हणाला आणि गल्लीत एकदम आरोळी उठली, "आली! आली!" मांडवातले पंखे गरगरले, पोरांनी टाळ्या पिटल्या, माइकमधून मोठी शिट्टी निघाली, आणि मागे लूम सुरू झाले. सगळी गल्ली खूश होती. आम्ही तिघं त्या खडखडीकडे कान लावून, पुढे वाकून बसलो होतो. '…कोकणच्या…' '…ताशी…' मी मधलं भरत गेलो, मलाही ते पाठच आहे. समुद्र, इथपर्यंत आलो.

"काय म्हणाला?" निखिलनं विचारलं.

"कळलं नाही."

"परत सांगतील का?"

"नाही सांगत परत."

भाऊजी मागे टेकले. कोणी सेट बंद करेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुताच्या गोणींचा टेम्पो येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवला, आणि ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून ओरडून सांगितलं, "चाचा, डंडा नीचे करो!" मी उतरलो. पहिली कांडी आत गेली. दुसरी गेली. तिसरी बाकापाशी अडली, तिथे मी अंगठा दाबून धरला.