दोन आयांचं लेकरू

मालनचं कागदावरचं नाव मच्छिंद्र. मिसरूड फुटायच्या वयात ती आईचं लुगडं नेसून आडावर गेली, तेव्हा बापानं दाव्यानं फोडलं आणि घराबाहेर काढलं. ईट गावाच्या अलीकडं आमचं गाव. गावानं तिला हाकललं नाही, जवळही केलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला ती बायकांच्या रांगेत बसायची. तिथंच तिला चांगुणा भेटली. नवऱ्यानं टाकलेली, पंचविशीतली. दोघींनी एका खोलीत संसार मांडला. लोक हसले आणि हसून हसून थकले.

"मला लेकरू पायजे," चांगुणा एकदा म्हणाली.

"मलाबी. पर त्यानं मला बाप म्हणायचं न्हाय. आपण दोघी आया."

नळदुर्गला हिजड्यांची गुरू शांताक्का राहायची. मालन अधूनमधून तिच्याकडं जाई. शांताक्का म्हणायची, "निर्वाण करून घे गं. पुरुषाचं अंग गेलं की सुटशील." मालनला तेच हवं होतं. पण आधी तिनं आमच्या जवळच्या वाशी गावातल्या एका डॉक्टरला विचारलं.

"कापल्यावर लेकरू कुठून होणार?" डॉक्टर म्हणाला. "आधी लेकरू होऊ दे, मग काय ते कर."

म्हणून ती थांबली. ज्या अंगाचा तिला लहानपणापासून तिटकारा होता, ते तिनं लेकरापुरतं सांभाळलं. पंचाहत्तरला चांगुणाला दिवस गेले. मालन आनंदानं वेडी झाली होती. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दोघी चार दिवस दार लावून बसल्या. मग मालन म्हणाली, "एकदा राहिलं, म्हंजी पुन्हाबी ऱ्हाईल."

तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीत माप घ्यायचो, आणि मालन कॅन धुवायची. शहात्तरला नसबंदीची माणसं द्या म्हणून वरून तगादा सुरू झाला. माणसं शेतात लपायला लागली. एका सकाळी जीप आली. सेक्रेटरी हिंमतरावनं मालनकडं बोट केलं.

"ह्याला न्या. ह्याला कुठं पोरं होणारेत?"

"साहेब, आमाला लेकरू करायचंय!" मालन ओरडली. "एक तर होऊ द्या, मग म्या माझ्या पायानं येते!"

दुधाच्या रांगेतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तिला परत आणून सोडलं. ती चालत घरी गेली, मधेच एकदा बाभळीखाली बसली.

पुढल्या वर्षी सरकार बदललं. कापलेली नस पुन्हा जोडून देतात असं कुणीतरी सांगितलं. दोघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. मी सोबत होतो, निदान तेवढं तरी करावं म्हणून.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "लेकरू वारलंय का? ज्यांची लेकरं वारली, त्यांचंच जोडतो."

"वारलं की," चांगुणा म्हणाली. "तीन महिन्यांचं. पोटातच."

"पोटातलं धरत नाहीत. जन्माचा दाखला हाय का?"

मालननं खिडकीची दांडी धरली. "अवो, दाखला मिळायला आधी ते व्हायला नको का?"

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "सरका."

परतताना एसटीत त्या दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

दोन वर्षांनी चांगुणाच्या भावानं तिला नेलं आणि एका बिजवराशी तिचं लग्न लावलं. मालननं अडवलं नाही. म्हणाली, "तिचं पोट तरी का रिकामं ठेवू?" मग तीही नळदुर्गला गेली आणि निर्वाण करून घेतलं. आता सांभाळायचं काही उरलं नव्हतं. जखम चिघळली, महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती. पुढं कधी सावरली नाही.

शहाऐंशीला नळदुर्गच्या एका ढाब्यावर ती मला दिसली. ट्रकवाल्यांपुढं टाळी वाजवत होती. चेहरा ओढलेला, हात काटक्यांसारखे. मला ओळखलं.

"चांगुणाला काय झालं?" तिनं विचारलं.

"दोन पोरी."

"बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमचं अकरा वर्सांचं असतं." मी चहा मागवला. तिनं घेतला नाही. दुसरा ट्रक थांबला, तशी ती उठून गेली.