बैठकीची खोली आणि मागचा वाफा

पुतळेकाकांच्या बायकोने घर सोडलं तेव्हा भांड्याला भांडंसुद्धा लागलं नव्हतं. भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती आठ दिवसांसाठी त्याच्या गावी गेली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस झाले, आणि एका सकाळी तिने फोन करून सांगितलं, "अहो, मी आता इथेच राहीन म्हणते." येताना दूध आणा म्हणून सांगावं तसा आवाज. काकांना आधी उमजलंच नाही. त्यांनी विचारलं, "अजून किती दिवस?"

"दिवस नाही हो," ती म्हणाली.

"माझं काही चुकलं का?"

ती म्हणाली, "त्या घरात मला बसायला जागा नाही. कुठे आहे ते तुम्हीच शोधून बघा." आणि भाऊ हाक मारतोय असं सांगून तिने फोन ठेवला.

पुतळेकाका हे नाव त्यांना दुकानात मिळालं. कापड, पडदे आणि घरसामानाचं चार मजली दुकान, आणि त्याची रस्त्यावरची भली मोठी काच सजवायची हे काकांचं काम. एकतीस वर्षं ते पुतळ्यांना कपडे चढवत, त्यांचे हात निखळले तर बसवत आणि त्यांच्याभोवती घरं मांडत आले होते. मांडणी चालू असताना काचेला आतून खाकी कागद लावायचा, सगळं जमलं की कागद काढायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. कागद निघाला की माणसं खरंच थांबायची. सोफा, दिवा, पडदा, टेबलावर कपबशी, खुर्चीत टेकून बसलेली पुतळी. मालक माणूस कंजूष, पण एक वाक्य तो दर मोसमाला न चुकता बोलायचा, "काका, कमी खर्चात जास्त देखावा करावा तो तुम्हीच." त्या एका वाक्यावर काकांचे चार महिने निघायचे. एकतीस वर्षांत दुसरं कौतुक त्यांच्या वाट्याला आलेलंच नव्हतं.

आणि घरी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बैठकीच्या खोलीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे. भिंतीला ओल. खिडकीला जुनी चादर. बाकी सगळी खोली खोक्यांची, आणि खोक्यांत पुतळ्यांचे हात, पाय, लोखंडी स्टँड, गुंडाळलेले कापडाचे तुकडे. "टाकू नकोस, लागतील," असं काका म्हणायचे. मागच्या दारी चार पावलं जमीन होती, तिच्यावर मोडक्या चौकटी आणि ताडपत्रीखाली डोकी नसलेले नऊ पुतळे.

बायकोने सव्वीस वर्षांत दोनच गोष्टी मागितल्या होत्या. कुणी आलं तर बसवता येईल अशी एक खोली आणि मागे भाजीचा एक वाफा. काकांचं उत्तर ठरलेलं, "परवडत नाही गं. पुढच्या वर्षी बघू." लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती दर मोसमाला दुकानाची नवी काच बघायला जायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "तुमची ती प्लास्टरची बाई नशीबवान हो. तिला खुर्ची आहे, दिवा आहे, आणि स्वयंपाकही नाही." काका पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना तो विनोद सांगितला. बाराव्या-तेराव्या वर्षी तिने मागणं सोडलं. तिची हौस फिटली असं काकांना वाटलं. माणूस वाईट नव्हता, पण इतका आंधळा माणूस एक डोळा मिटून काय बघत होता कोण जाणे.

मग मुलीचा फोन आला. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. ती म्हणाली, "बाबा, आई पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी येणार आहे. तिचे कपडे आणि कागदपत्रं न्यायला."

"मग राहील का?"

"न्यायला येणार आहे म्हटलं ना मी. उगाच आशा धरू नका हो बाबा. आणि तिला काही समजवायला जाऊ नका."

हातात सहा आठवडे होते. काकांनी ठरवलं की समजवायचं नाही, दाखवायचं. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणीही म्हटलं असतं. काकांना स्वतःलाही ते दिसत होतं, पण रिकाम्या घरात नुसतं बसून राहणं त्याहून अवघड होतं.

पहिल्या रविवारी खोकी निघाली. भंगारवाल्याने एक उघडून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. "काका, नुसते हातच आहेत हो."

"पायपण आहेत. मागच्या खोक्यात."

"आणि डोकी?"

"डोकी मालकाने ठेवून घेतली."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. मागची जमीनही. सव्वीस वर्षं जे जागचं हललं नव्हतं ते एका दिवसात गेलं, आणि काकांना मात्र त्यात फक्त एवढंच दिसलं की काम झपाट्याने चाललंय.

खोलीचं काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. ओलीची भिंत खरवडली, लुकण भरलं, दुकानातल्या उरलेल्या तीन डब्यांतले रंग एकत्र करून दोन हात मारले. फिकट मातीचा शांत रंग आला. उन्हाने पट्ट्यापट्ट्यांनी विटलेलं पडद्याचं कापड दुकान फेकून देणार होतं. त्याला काकांनी अशा चुण्या घातल्या की विटलेला भाग बरोबर घडीत गेला. शाळेतून मोडीत निघालेलं एक बाक आणलं, पाय कापून बुटकं केलं आणि पॅकिंगचा स्पंज घालून वर जाड कापड ओढलं. तारेच्या चौकटीवर सुती कापड लावून दिव्याची शेड केली. दुकानातल्या सवयीने खिडकीच्या काचांना आतून खाकी कागद लावून ठेवला, म्हणजे आधी कुणाला दिसायला नको. फोनवर बायकोला अवाक्षर सांगितलं नाही. रविवारच्या फोनवर ती विचारायची, "जेवलात?" ते म्हणायचे, "जेवलो." "बरे आहात?" "बरा आहे." मग फोन ठेवल्यावर काकांना ठाम वाटायचं की ती येणार नाही. तरी ते उठून पुन्हा कामाला लागायचे.

वाफ्याने मात्र त्यांना रडवलं. पलीकडे एक निवृत्त कंपाउंडर राहायचे, त्यांच्या कुंपणाआड चांगली भाजी होती. काकांनी जमीन खणली तर ढेकळांतून प्लास्टरची बोटं निघाली. कंपाउंडर कुंपणावरून बघत म्हणाले, "माती मेलीय हो तुमची. शेणखत घाला चार पाट्या." खत घातलं, बी पेरलं, आणि काकांनी मायेने इतकं पाणी ओतलं की सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झालं. दुसऱ्या वेळी मुळा आणि पालक धरला, पण वांग्याची रोपं आणि मंडपावरचे वेल त्यांनी मागे लावले आणि पालक पुढे. दारातून बघणाऱ्याला उंच मागे आणि ठेंगणं पुढे दिसायला हवं, हा काचेचा नियम. मागची बाजू नेमकी उन्हाची होती. पालक सावलीत पिवळा पडला.

"अहो, रोपं बघणाऱ्याकडे तोंड करून वाढत नाहीत," कंपाउंडर म्हणाले. "उन्हाकडे करतात."

काकांनी वेल आणि वांगी उपटून पुन्हा लावली. सहापैकी चार वांगी मेली. मुळ्याने तेवढा हात दिला. शेवटच्या आठवड्यात त्याचे पांढरे खांदे मातीवर दिसायला लागले, तेव्हा काका कंपाउंडरांना हाक मारून दाखवायला गेले. ते खाली बसून बघत म्हणाले, "चांगला आहे. पण बायको मुळ्यासाठी परत आलेली मी अजून ऐकलेली नाही." मग काकांचा चेहरा बघून त्यांनी खुरप्याबद्दल काहीतरी विचारलं.

त्या रविवारी सकाळी काकांनी खिडकीचे कागद काढले. ती अकराच्या बसने आली. दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिली. काका भिंतीला टेकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे असे बघितले होते, पण मध्ये रस्ता नसताना कधीच नाही.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली.

ती सावकाश फिरली. भिंतीवरून हात फिरवला, पडदा धरला, बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. दिव्याची शेड मागून बघितली आणि एकदम हसली. "टाचण्या! मागून नुसत्या टाचण्या लावल्यात!" काकाही हसले. दोघं एकत्र हसल्याला किती वर्षं झाली होती, त्यांनाच आठवलं नसतं. मागच्या दारी जाऊन ती वाफ्याशी उकिडवी बसली, मुळ्याच्या पानाला हात लावला. "मुळा छान धरलाय. पालकाला ऊन कमी पडलंय का?" असं घरच्यासारखं विचारलं. काकांनी चहा केला, मोडक्या चौकटींतून केलेल्या बुटक्या टेबलावर कपबशा मांडल्या. आता फक्त कागदपत्रं विसरायची बाकी होती, असं त्यांना वाटलं.

"कधीपासून करत होतात हे?" तिने विचारलं.

आणि इथे काकांनी हात दाखवून अवलक्षण केलं. आयुष्यात त्यांना एकाच गोष्टीचं कौतुक मिळालं होतं, ती त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

"सहा आठवडे. फक्त सहा आठवडे! तेही दुकान सांभाळून. आणि खर्च विचारशील तर हसशील. पडदे फुकट, रंग फुकट, बाकाचं काय ते थोडंफार. मागची जागा तर एका दिवसात मोकळी झाली, एका दिवसात! सगळं मिळून एका महिन्याच्या किराण्याएवढंसुद्धा लागलं नाही." ते मालकाकडे बघायचे तसे तिच्याकडे बघत होते, ते वाक्य ऐकायला.

कप तिने खाली ठेवला. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि ते जाताना काकांना बघावं लागलं.

"एवढंच लागतं?" ती म्हणाली.

"मग! म्हणजे, काटकसरीने केलं तर..."

"मला वाटायचं, खरंच परवडत नाही." ती पडद्याकडे बघत बोलत होती. "पहिल्यापासून मी तेच धरून बसले. वहिनी विचारायची, नवरा दुकानात एवढं सजवतो, मग घरात का नाही? मी म्हणायची, त्यांना फार हौस आहे गं, पण ऐपत नाही. किती वेळा सांगितलंय मी तिला. आता तिला काय सांगू?"

काका म्हणाले, "पण आता झालं ना."

"हो. छान झालंय. खरंच छान झालंय." तिचे डोळे भरले. "मागायचं सोडलं मी, तेसुद्धा तुम्हाला त्रास नको म्हणून."

काकांना त्या क्षणी सगळं दिसलं. एकतीस वर्षं रस्त्यापलीकडून बघूनही जे दिसलं नव्हतं ते हाताच्या अंतरावर दिसलं. सहा आठवडे हे तिच्या पारड्यात कसे पडले असतील ते त्यांना कळलं. रंग, पडदे, मुळा, जे जे त्यांनी तिला थांबवण्यासाठी केलं होतं, त्यातलं प्रत्येक आता तिला जायला सांगत होतं. यापेक्षा ओलीची भिंत बरी होती. त्या भिंतीकडे बघून तिला निदान नवऱ्याची कीव तरी करता आली असती.

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाहेर आली तेव्हा हातात बॅग होती आणि तोंड धुतलेलं होतं. बाकाजवळ थांबून तिने विचारलं, "एक सांगाल? मी गेले नसते, तर केलं असतंत का हे?"

खोटं बोलायला इथे भरपूर जागा होती. ती वाट बघत होती, आणि खरं सांगायचं तर एक लहानसं खोटं तिलाही चाललं असतं. करणारच होतो गं, यंदा नक्की करणार होतो, एवढं त्यांनी म्हटलं असतं तर कदाचित तिने बॅग खाली ठेवलीही असती. काकांनी तोंडही उघडलं. पण परवडत नाही हे खोटं त्यांनी सव्वीस वर्षं कसलाही विचार न करता सांगितलं होतं, आणि आज विचार करून दुसरं सांगायची त्यांना लाज वाटली.

"नाही," ते म्हणाले. "नसतं केलं."

तिने मान हलवली. रागाने नाही, आधीच माहीत असलेलं ऐकल्यासारखी. दारात जाऊन तिने भिंतीला हात टेकून चपला घातल्या, मग भिंतीचा रंग नवा आहे हे आठवून हात चटकन काढून घेतला. आणि ज्या घरात तिने सगळा संसार केला, तिथून निघताना पाहुण्या बाईसारखं हसून म्हणाली, "निघते मग. चहा छान झाला होता."