आणखी पाच सेकंद

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणतात. वय जेमतेम बेचाळीस, पण चष्म्यावरून अशा बघतात की भलेभले सरळ बसतात. दवाखान्यांच्या वेबसाइटवर डॉक्टरची वेळ नीट मिळते का, हे त्यांचा प्रोग्रॅम रोज पहाटे स्वतःच ब्राउझर उघडून तपासतो. दवाखाने उघडायचे आठला आणि तपासणी संपायची साडेनऊला. साहेबांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत ही तपासणी तासाभरात संपेल असं करा, नाहीतर ती बंदच."

काकू भडकल्या. "म्हणजे साइट बंद पडली की आधी पेशंटला कळणार, मग आपल्याला!"

दोष आमचाच होता. प्रोग्रॅम कुठे अडखळला की 'आणखी पाच सेकंद थांब' अशी ओळ टाकून आम्ही वेळ मारून न्यायचो. अशा चारेकशे ओळी साचल्या होत्या आणि प्रत्येक दवाखान्याच्या साइटवर त्या पुन्हा चालायच्या.

काकू घड्याळ घेऊन स्क्रीनसमोर बसल्या. वेळ घ्यायचं बटण दोन सेकंदांत यायचं. प्रोग्रॅम मात्र खालचे फोटो आणि नकाशा येईपर्यंत ढिम्म.

"हा शहाणा नकाशाची वाट बघतोय! नकाशा हवाय कोणाला?"

त्यांनी पाच-पाच सेकंद उडवले. जी गोष्ट हवी तेवढीच येईपर्यंत थांबायचं, आली की पुढे. बुधवारी सगळं कोसळलं. बटण दिसत होतं, पण त्यावर गोल चक्र फिरत होतं आणि क्लिक वाया जात होतं.

मी म्हणालो, "काकू, टाका पाच सेकंद आणि मिटवा."

"तुझी जीभ आवर," त्या म्हणाल्या आणि चक्र जाईपर्यंत थांबायची अट घालून मोकळ्या झाल्या. इतकी चिकाटी मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

शुक्रवारी तपासणी एक्केचाळीस मिनिटांत आटोपली. तरी साहेबांनी शंका काढलीच. "परत असंच साचणार नाही कशावरून? सुरुवात कोणी केली होती?"

निम्मी माणसं नोकरी सोडून गेलेली. कुणाचंही नाव खपलं असतं. मी मूग गिळून बसलो.

"पहिली ओळ माझी," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वीची. घरी जायची घाई होती मला. आता कोणी टाकली तर आधी माझ्याशी गाठ आहे."

साहेब म्हणाले, "तपासणी चालू ठेवा."

मला माझीच लाज वाटली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "साहेब, त्या ओळींतल्या शंभरेक माझ्या होत्या."