शेषगिरीने वाचवलेलं दार

चिकपेटमधल्या शेषगिरी टेलरला ब्लाउज बरे शिवता यायचे, पण हौस पुढारीपणाची. चार माणसं जमली की हा मधोमध. बेंगळुरात आम्हा जुन्या मराठी घरांमध्ये असा एखादा अण्णा असतोच. आमच्या नशिबी हा आला.

पंच्याण्णव साली, तो भाड्याने राहायचा ती जुनी इमारत एका बिल्डरने विकत घेतली. भाडेकरूंना त्याने जे. पी. नगरात एकेक खोली देऊ केली. बाकीचे मुकाट्याने गेले. शेषगिरीच्या मागच्या खोलीत गंगव्वा राहायची, इडल्या विकून पोट भरणारी एकटी विधवा. तिनेही बोचकं बांधलं होतं. शेषगिरीने ते सोडायला लावलं.

"अक्का, इमारत ऐतिहासिक आहे. ती वाचली की आपण वाचलो. मी आहे ना!"

मग अर्ज, सह्या, पेपरात फोटो. आणि हा गाढव चक्क जिंकला. सरकारी हुकूम आला: रस्त्याकडची नक्षीदार भिंत, खिडक्या, दार, काही हलवायचं नाही, मागचं पाडायला हरकत नाही. हुकमाचा पहिला भाग शेषगिरीने पेढे वाटत गल्लीभर ऐकवला. दुसरा बिल्डरने वाचला.

खोल्या देण्याचं त्याने रद्द केलं आणि दोघांनाही बाहेर काढलं. शेषगिरी बायकोला, गोदूबाईला घेऊन जयनगरला मेव्हण्याच्या व्हरांड्यात जाऊन पडला. गंगव्वा समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर राहिली. "काम संपलं की आपल्याच दारातून आत जायचं," असं म्हणत हा येता-जाता तिच्यापुढे त्या दाराची किल्ली नाचवायचा. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांनी बांधकामाभोवतीचे पडदे उतरले. इमारत वाचवणारा म्हणून बिल्डरने शेषगिरीचा सत्कार केला. शाल, हार, डोक्यावर म्हैसूर पेटा.

"या दाराला आम्ही धक्का लावला नाही," बिल्डर माइकवर म्हणाला. "कुलूपसुद्धा अण्णांचंच आहे!"

शेषगिरीचे डोळे भरून आले. "अक्का, ये!" त्याने हाक मारली. गंगव्वा बोचकं घेऊन धावत आली. त्याने किल्ली फिरवली, दार उघडलं. आत विटांची सलग भिंत.

"दार शोभेचं आहे, अण्णा," बिल्डर हसत म्हणाला. "मागच्या नव्या दुकानांचा रस्ता बाजूने."

"अण्णा, स्वल्प हसा!" फोटोग्राफर ओरडला. शेषगिरी सवयीने हसला.

गंगव्वाने विटांवरून हात फिरवला.

"पेटा काढ, अण्णा," ती म्हणाली. "आत जाताना डोकं आपटेल."