झिऱ्यावरचा पहारा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत आमची तुकडी चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका लाकूड डेपोवर पोस्ट झाली. आम्ही जेमतेम दहा जण, बहुतेक सगळे खानदेशातले. ब्रह्मदेशाच्या फ्रंटवर जायचं म्हणून भरती झालो आणि सागाच्या ओंडक्यांची राखण करत बसलो. मी सिग्नलर होतो. माझ्या ताब्यात एक फील्ड टेलिफोन आणि झाडाझाडांवरून चोपड्याला सुबेदाराच्या कचेरीपर्यंत नेलेली तार. लढाई मी पाहिली नाही. ज्यांना शौर्यकथा हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी पीटी, मग रायफली साफ करणं, ओंडक्यांवर नंबर घालणं, संध्याकाळी रोल कॉल. अधूनमधून धुळ्याहून लेफ्टनंट साहेब इन्स्पेक्शनला यायचे. त्यांना कादंबऱ्यांचा नाद. जेवण झालं की आम्हाला बसवून हिंदुस्थानीत गोष्टी सांगायचे. गोष्ट कुठलीही असो, एक साहेब जंगलात जायचा आणि तिथले रानटी लोक त्याला राजा करायचे. साहेबाला नाव असायचं, घोड्याला नाव असायचं. रानटी लोकांना मात्र एकालाही नाव नसायचं.

या गोष्टी सगळ्यात मन लावून ऐकायचा तो लान्स नाईक दौलत. धरणगावकडच्या एका पाटलाचा धाकटा मुलगा. पाटीलकी थोरल्याकडे गेली आणि याच्या वाट्याला फौज आली, हे दुखणं त्याने कधी लपवलं नाही. एका गोष्टीनंतर तो माझ्याजवळ बसून म्हणाला, "राजा झाया तर त्याले पगार कोन देस रे?" मी हसलो. तो हसला नाही.

शिमग्याच्या आधी हवालदाराला मलेरिया झाला आणि त्याला धुळ्याच्या हॉस्पिटलात हलवलं. चार्ज दौलतकडे आला. दुसऱ्याच दिवशी त्याने डेपोतली एकुलती एक खुर्ची आंब्याखाली मांडली आणि आपली हौस भागवायला सुरुवात केली.

डेपोच्या खाली नाला होता, आणि नाल्याच्या वाळूत खणलेला एक झिरा. त्या खड्ड्यात पाणी हळूहळू पाझरायचं. उन्हाळ्यात आसपास दुसरं पाणी नव्हतं. आम्ही तेच प्यायचो आणि पलीकडच्या पाड्यावरचे पावरा लोकही तेच प्यायचे. त्यांची रीत अशी, की जो आधी आला तो आधी भरणार, बाकीचे शेजारी बसून वाट बघणार. घाई नाही, भांडण नाही. आमच्या गावच्या विहिरींवर मी इतकी शिस्त पाहिली नव्हती.

शिमगा आला. आमच्याकडे गावची होळी पाटलाच्या हातून पेटते. त्या मानापायी भाऊभाऊ एकमेकांची डोकी फोडतात. दौलतने पाड्यावर निरोप धाडला, की होळी मी पेटवणार. पाड्याचा म्हातारा कारभारी, त्याला सगळे दित्या बाबा म्हणायचे, स्वतः आला. म्हणाला, "या ना भाऊ, समदा जन या. नाचा, खावा." तेवढंच. मान म्हणजे काय हे त्याच्या डोक्यातच शिरेना. होळी त्यांनी त्यांच्या वेळेला पेटवली. दौलतला वाटलं, भर गावात आपली पगडी उडवली.

त्याने झिऱ्यावर संत्री बसवला. पाड्यावरच्या माणसाने पाणी भरायचं तर आधी वर यायचं, मुंडासं काढायचं, खुर्चीपुढे वाकून जोहार घालायचा. बाया आल्या तर त्यांच्याकडून आधी लाकडं फोडून घ्यायची. आमच्यातला एक जण मॅट्रिकपर्यंत शिकलेला. त्याने झिऱ्यावर पाटी ठोकली, "विनापरवाना पाणी घेऊ नये." वाचता येणारे सगळे पाटीच्या अलीकडचे.

आणि या माझ्या बहाद्दर साथीदारांना त्याची चटक लागली. रोज दाढी करणारे, बूट चकचकीत ठेवणारे, सणावाराला सोवळं नेसणारे लोक. कोंबड्या फुकट मिळू लागल्या, पाय चेपून मिळू लागले, तशी दौलतची पाटीलकी सगळ्यांना पटली. मला त्यांची किळस आली होती आणि आजही येते.

एकटा भिका त्यात नव्हता. भिका पाचोऱ्याकडचा, विधवा आईचा एकुलता एक. भरती होण्यापूर्वी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. बोलायला मोकळा आणि मस्करीत पटाईत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी झिऱ्यावर त्याची ड्यूटी होती. त्याने दिवसभर सगळ्या पाड्याला पाणी भरू दिलं. संध्याकाळी दौलतने त्याला खुर्चीपुढे उभं केलं.

"ऑर्डर काय व्हती?"

"एक बाईजोडे तान्हं पोर व्हतं, भाऊ. भरू दिधं पानी. त्यामा काय बिघडनं?"

"भाऊ नही. साहेब म्हन."

"बरं साहेब. खुर्ची लवकर सोडा, हवालदार येतीन," भिका म्हणाला आणि हसला.

ते हसणं त्याला भोवलं. सकाळी उजाडताच दौलतने त्याला उघड्यावरच्या सालईच्या झाडाला बांधायला लावलं. उन्हाळ्यात सालईला पान नसतं. पाणी बंद. बांधणारे दोघे रात्री त्याच्याच शेजारी झोपायचे.

टेलिफोन दोन दिवस मुका होता. तार शोधतो असं सांगून मी निघालो. वणव्यात जळलेल्या एका पळसापाशी ती तुटलेली सापडली. सांधली आणि सेट लावला.

"हॅलो, चोपडा. डेपो बोलतोय. सुबेदार साहेब द्या."

"बोल."

"साहेब, लान्स नाईकने झिऱ्यावर पाणी बंद केलं आहे."

"आपलं?"

"पाड्याचं."

"मग?"

"शिपाई भिकाला उन्हात बांधलं आहे. पाणी तोडलं आहे. मरेल तो."



"हवालदार बरा झालाय. उद्या पाठवतो."

"आज पाठवा, साहेब."

"आज आखाजी आहे. उद्या."

लाइन बंद झाली.

मी धावतच परतलो. सूर्य डोक्यावरून कलला होता. डेपोत आखाजी चालली होती. आमच्याकडे आखाजीला मेलेल्या वाडवडिलांसाठी घागर भरतात. मॅट्रिकवाल्याने झिऱ्यातून घागर भरून आणली होती, वर खरबूज ठेवलं होतं. प्रत्येक जण आपल्या मेलेल्या आज्या-पणज्यांची नावं घेऊन त्यांना पाणी सोडत होता. लांगरी खापरावर पुरणपोळ्या भाजत होता. हाकेच्या अंतरावर भिका मान टाकून लोंबकळत होता. मेलेल्यांची तहान त्यांना कळत होती. जिवंत माणसाची कळत नव्हती. असले आम्ही सुधारलेले लोक.

मी घागर उचलायला गेलो. दोघांनी मला मागून धरलं. तेवढ्यात नाल्यातून पाड्याचे लोक वर आले. पुढे दित्या बाबा, त्याच्या हातात भोपळ्याचा तुंबा. कोणाच्या हातात तीरकमठा नव्हता. तो पाटीजवळून आला, खुर्चीजवळून आला, दौलतकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"थांब," दौलत ओरडला. "रायफल उठाव."

रायफली अर्ध्या उचलल्या गेल्या आणि तिथेच थांबल्या. हुकूम मानायची हिंमत नव्हती आणि मोडायचीही नव्हती.

"पानी कोनंच नशे," दित्या बाबा म्हणाला. पाणी कोणाच्याच मालकीचं नाही, एवढंच. रागाने नाही. अडाणी पोराला सांगावं तसं. मग त्याने भिकाची मान हातावर घेतली आणि ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं ओघळलं. पाड्यावरच्या बायांनी दोर सोडले, त्याला सावलीत नेलं, ओल्या फडक्याने पुसत राहिल्या. भिकाने एकदा डोळे उघडले. सूर्य मावळण्याआधी तो गेला.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. बाकीचे म्हणाले, ऊन लागलं. जास्त लोक जे म्हणाले ते खरं ठरलं. दौलतची फीत गेली, आणि लढाई संपायच्या आत परत मिळाली. पुढे थोरला भाऊ वारला आणि त्याला पाटीलकीही मिळाली. गावात त्याच्या आधी कोणी पंगतीला बसत नाही. शाळेत त्याची भाषणं होतात, जंगलात आम्ही शिस्त कशी नेली यावर. पोरं टाळ्या वाजवतात. लेफ्टनंट साहेबांच्या गोष्टीतला राजा शेवटी घरी परतून सुखाने राहायचा. तेवढा भाग अगदी खरा निघाला.

भिकाचं सामान द्यायला मी पाचोऱ्याकडे त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. मी जे घडलं ते काहीही न लपवता सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या शर्टावरून हात फिरवत राहिली.

"शेवटले पानी भेटनं का त्याले?"

"भेटलं, आई."

"कोनी पाजं?"

"पाड्यावरच्या लोकांनी. जंगलातल्या."

तिने मान हलवली. मग माझ्या खाकी कपड्यांकडे, बिल्ल्याकडे, बुटांकडे पाहिलं.

"त्या लोके नाला वलांडीसन पानी पाजाले उनात," ती म्हणाली. "तुम्हनी पलटन कोठे व्हती मंग?"